जबड्याच्या सांध्याची व्यथा : उपचार आणि प्रमाण
दाढा पडल्याने वरखालच्या दातांचा मेळ बिघडतो व त्यातून जबड्याच्या सांध्याची आणि कानाची दुखणी उद्भवतात, असे जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली ११ रुग्णांवरून प्रतिपादिले. पुढे दातांचे उंचवटे झिजवून मेळ साधण्याचा उपचार रूढ झाला. रुग्णास आराम पडे, हाच त्याचा मुख्य आधार. परंतु १९७६ साली गुडमन, ग्रीन व लास्किन यांनी २५ रुग्णांवर या उपचाराचा केवळ देखावा केला, तेव्हा १६ जणांची व्यथा पूर्णतः वा बहुतांशी शमली. व्यथा खोटी नव्हती. आरामावरून कारण ठरविणे उतावळेपणाचे होते. झिजविलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. म्हणून ज्या उपचाराचा परिणाम मागे घेता येत नाही, त्याच्यासाठी प्रमाणाची कसोटी अधिक कठोर असावयास हवी.