जनगणनेतले सहा क्रमांक

राज्याला धर्म नाही असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण २०११ च्या जनगणनेत सहाच धर्मांना सांकेतिक क्रमांक होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन. इतरांच्या धर्माचं नुसतं नाव लिहायचं, क्रमांक नाही.

आपल्या खानदेशात चोपडा, यावलपासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या कडेला पावरा आणि भिल्ल राहतात. इंदल, वाघदेव ही त्यांच्याकडची दैवतं. त्यांच्यातले काही जण स्वतःला हिंदू म्हणवतात, तो त्यांचा हक्क. जो म्हणवत नाही, त्याचं काय? प्रगणकाला '१' टाकणं सोपं. आणि गंमत बघा, हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २(२) सांगतं की, केंद्राची अधिसूचना नसेल तर हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. मोजणीत हिंदू, लग्नात नाही!

कलम २५ च्या मर्यादांवर, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांवर, न्यायालयांत पुष्कळ खल झाला. रकान्याच्या मर्यादेवर फारसा नाही.

संख्या किरकोळ आहे, असा युक्तिवाद होतो. आम्हाला तो पटत नाही. त्याच जनगणनेत 'सरना' लिहिणारे, मुख्यतः झारखंडकडचे, सुमारे ४९ लाख. जैन सुमारे ४४ लाख. क्रमांक मात्र जैनांना. इंडोनेशियातही सहाच मान्य धर्म; तिथल्या घटना न्यायालयाने २०१७ साली पारंपरिक श्रद्धांना ओळखपत्रात जागा दिली.

सगळ्या आदिवासींना एकच नवा क्रमांक द्यावा, हेही आम्हाला घाईचं वाटतं. पावऱ्याने 'सरना' का लिहावं? आधी त्याला विचारा, आणि तो सांगेल तेच लिहा.