सहिष्णुतेची मर्यादा : क्लायंटरचनेविषयी एक विचार

शकुंतला रेल्वेने यवतमाळ व अचलपूर या दोन्ही बाजूंकडून येणारा वऱ्हाडचा कापूस ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापुरास पोचत असे. तेथून मुंबईकडे जाणारा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. म्हणून मूर्तिजापुरास माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. रुळांतील भेदाचा सारा भार या एका स्थानकाने सोसला. शेतकऱ्यास वा गिरणीस त्याची दखल घ्यावी लागली नाही. अरुंद वाघीण रुंद रुळांवर तशीच रेटून पाहावी, असे मात्र कोणाच्याही मनात आले नाही.

आपल्या क्लायंट-आज्ञावल्यांत नेमके हेच रेटणे पुष्कळदा चालते, आणि त्यास एका थोर वचनाचा आधार दिला जातो. आपण पाठवावे ते काटेकोर असावे, दुसऱ्याकडून घ्यावे ते उदारपणे घ्यावे, असा नियम जॉन पोस्टेल यांनी १९८० साली टीसीपीच्या विनिर्देशात घातला. परस्परांस अपरिचित यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, यात या उदारतेचा वाटा मोठा आहे. परंतु सर्व्हरच्या एपीआयची आवृत्ती बदलते तेव्हा हा नियम अपुरा पडतो.

समजा, बाजारभाव देणाऱ्या एका सर्व्हरच्या पहिल्या आवृत्तीत ‘भाव’ या नावाखाली कापसाचा दर आहे, क्विंटलचा, म्हणजे १०० किलोंचा. दुसऱ्या आवृत्तीत त्याच नावाखाली रुईचा दर आला, खंडीचा, म्हणजे ३५६ किलोंचा. उदार क्लायंट नाव ओळखतो, अंक वाचतो आणि निमूटपणे दाखवितो. पडद्यावर कोठेही दोष दिसत नाही. पण अकोल्याच्या बाजारात माल न्यावा की थांबावा, हा निर्णय त्या अंकावर ठरत असेल, तर अशा सुरळीतपणापेक्षा उघड बिघाड पत्करला. अपरिचित नावाकडे दुर्लक्ष करणे ही उदारता होय. परिचित नावाचा अर्थ गृहीत धरणे हा प्रमाद होय.

याहून चांगली रीत पोस्टग्रेस्क्यूएलच्या ‘पीएसक्यूएल’ या क्लायंटमध्ये दिसते. जोडणी होताच सर्व्हर आपली आवृत्ती कळवितो आणि तक्त्यांची रचना सांगणाऱ्या आज्ञा त्या आवृत्तीस जुळेल अशी पृच्छा रचतात. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीतील हा क्लायंट २०१२ च्या ९.२ पर्यंतच्या सर्व्हरांशी असा व्यवहार करू शकतो. मात्र सर्व्हर क्लायंटहून नवा असल्यास याच आज्ञा फसण्याचा संभव आहे, हे त्याची पुस्तिकाच सांगते. आवृत्तीचा क्रमांक भूतकाळ सांगतो, भविष्य सांगत नाही. यासाठी क्रमांकाबरोबरच ‘तुला काय काय करता येते?’ असे सर्व्हरला विचारण्याची सोय एपीआयमध्ये असावयास हवी.

विचारण्याची सोय वापरात न राहिल्यास गंजते, ही टीएलएसची शिकवण आहे. अधिक वरचा क्रमांक ऐकताच सर्व्हरने आपला खालचा क्रमांक कळवावा, असा तेथील नियम होता. अनेक सर्व्हर मात्र जोडणीच तोडीत. म्हणून २०१८ च्या १.३ आवृत्तीने जुन्या जागी १.२ चाच क्रमांक गोठविला आणि खरी यादी वेगळ्या विस्तारात पाठविली. पुढे २०२० मध्ये, अनोळखी मूल्ये दुर्लक्षिण्याची सर्व्हरांची सवय टिकावी म्हणून, क्लायंटांनी मुद्दाम निरर्थक मूल्ये पाठवावीत अशी योजनाही प्रसिद्ध झाली.

आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आवृत्तीची तुलना पानोपानी विखुरलेली आढळते. ती एकाच थरात आणावी. त्या थराबाहेर क्लायंटला एकच अंतर्गत रूप दिसावे. परीक्षणासाठी जुना सर्व्हर, नवा सर्व्हर आणि अद्याप जन्मास न आलेला काल्पनिक सर्व्हर, असे तिन्ही उभे करावेत. आणि जेथे अर्थ निश्चित कळत नाही, तेथे क्लायंटने तसे स्पष्ट सांगावे. मूर्तिजापूरच्या हमालांनी गाठोडी उतरविली व चढविली. आत कापूस आहे की सरकी, याचा अंदाज बांधून चिठ्ठी बदलली नाही.