तख्तापलीकडचा सिद्दी

मराठी ऐतिहासिक कादंबरीत सिद्दी येतो तो जंजिऱ्याच्या तटावरून, शत्रू म्हणून. त्याला उत्तर म्हणून आपले लेखक मलिक अंबरला पुढे करतात. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला, त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली. अभिमान रास्तच. पण आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. दोन्हीकडे सिद्दी म्हणजे तख्त आणि तलवार.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर सिद्दी धमाल करतात. तिला गोमाही म्हणतात. शब्द पूर्व आफ्रिकेतल्या 'न्गोमा'चा, म्हणजे ढोल आणि नाच दोन्हींचा. त्यांचे मलुंगा हे एका तारेचे धनुष्यासारखे वाद्य ब्राझीलच्या बेरिंबाऊचे सख्खे भावंड वाटावे. पण तिथे ते कापोएराच्या रिंगणात वाजते, इथे पिराच्या आळवणीत. वाद्य सारखे म्हणून जगणेही सारखे, असे कसे म्हणावे?

लांब कशाला, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी हिंदू, मुस्लीम आणि ख्रिस्तीही आहेत. अनेकांच्या घरात कोकणी बोलली जाते; बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी टाकून निसटलेले. जंजिऱ्याच्या नवाबांशी (त्यांचे राज्य १९४८ पर्यंत टिकले) त्यांचे नाते रंगापुरते, तेही बहुधा आपणच लावलेले.

तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवतात. कोकणी बोलणारी ही शेजारीण मराठी कथेत, आमच्या वाचनात तरी, अजून आलेली नाही.