आर्वो पॅर्त: झोपेच्या प्लेलिस्टमधला जागा माणूस

आर्वो पॅर्त हे नाव माहीत नसलं, तरी त्यांचं 'श्पीगेल इम श्पीगेल' तुमच्या कानावर पडलं असण्याची बरीच शक्यता आहे. पियानोचे तीन-तीन स्वर आणि त्यावर व्हायोलिनची संथ ओळ. झोपेच्या, अभ्यासाच्या, कोडिंगच्या प्लेलिस्टमध्ये ते सापडतंच. त्यामुळे पॅर्त म्हणजे डोकं शांत करायचं औषध, असा समज झालाय. मला तो पटत नाही.

पॅर्त १९३५ साली एस्टोनियात जन्मले आणि सोव्हिएत राजवटीत वाढले. १९६० च्या 'नेक्रोलॉग'मध्ये त्यांनी पाश्चात्त्य बारा-स्वर पद्धत वापरली, सरकारी टीका ओढवून घेतली. १९६८ च्या 'क्रेडो'त येशूवरची श्रद्धा उघडपणे मांडली आणि त्या रचनेवर अघोषित बंदी आली. पुढची आठेक वर्षं त्यांनी फारच कमी लिहिलं. जुनं चर्चसंगीत अभ्यासत ते नवी भाषा शोधत राहिले. १९७६ मध्ये 'फ्युर अलिना' हा पियानोचा छोटासा तुकडा आला आणि ती भाषा सापडली.

तिचं नाव तिंतिनाबुली, म्हणजे छोट्या घंटा. एक आवाज सप्तकात पायरी-पायरीने चालतो. दुसरा एकाच कॉर्डच्या तीन स्वरांत राहतो आणि पहिल्याच्या जवळचा स्वर ठरलेल्या नियमाने उचलतो. हा नियम पायथनच्या वीसेक ओळींत बसतो. मी बसवून पाहिला. स्वर नियमाप्रमाणे बिनचूक आले, पण ऐकत राहावंसं काही वाटेना. मग संगीतकार नेमकं करतो काय?

याचं उत्तर मला १९७७ च्या 'कान्तुस'मध्ये मिळालं. ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन गेल्यावर लिहिलेली ही रचना तंतुवाद्यं आणि एका घंटेसाठी आहे. सगळी वाद्यं एकच मायनर अवरोह वाजवतात, मात्र प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या वेगाने. एकेक थर आपल्या शेवटच्या स्वरावर पोचतो आणि तिथेच थांबून राहतो. उतरण्याचा नियम कोणीही लिहील. कुठे थांबायचं आणि तोवर ऐकणाऱ्याला किती ताटकळत ठेवायचं, हे पॅर्त ठरवतात. त्यात दिलासा फारसा नाही. माणूस गेल्यावर उरणारा वेळ त्यात आहे.

हीच शिस्त कधीकधी जडही होते. १९८२ च्या 'पासिओ'त तासाभराहून जास्त काळ शब्द जवळपास एकाच चालीने सरकतात. मधल्या भागात माझं लक्ष सुटतं. पण शेवटी संगीत मायनरमधून मेजरमध्ये उघडतं, तेव्हा त्या लांबीचं कारण कळतं. शॉर्टकटने तिथे पोचता आलं नसतं.

म्हणून 'कान्तुस' एकदा हेडफोन लावून, बाकी काही न करता ऐका. जेमतेम सहा-सात मिनिटांचं आहे. शेवटी तंतुवाद्यं थांबली की लगेच बंद करू नका. हळूच वाजलेली घंटा तेव्हा कुठे ऐकू येते.