कापडी पोस्टकार्डाची मागची बाजू

मराठी घरांत टपालाने आलेला कागद वाचण्याआधी पाहिला जात असे. कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेले असेल तर लग्न किंवा मुंज. कोपरा फाडलेला असेल तर कोणीतरी गेले. ते कार्ड वाचायचे आणि लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही. भारतात पोस्टकार्ड आले १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. त्यावरच्या या खुणा कोणा कलावंताने शोधलेल्या नाहीत. पण 'मेल आर्ट' म्हणून ज्या प्रकाराचा इतिहास न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनपासून सांगतात, त्याचे मर्म त्यांत आहेच: वस्तू आधी बोलते, मजकूर मागून येतो. आणि चांगदेवाचे कोरे पत्र तर कितीतरी जुने. ज्ञानेश्वरांना आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, हे ठरेना, म्हणून त्याने कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. मायना अडला म्हणून सगळे पत्रच कोरे राहिले, आणि तरी ते वाचले गेले.

हे आठवण्याचे कारण म्हणजे माझ्या टेबलावर साठलेली कापडी पोस्टकार्डे. गेली काही वर्षे मी त्यांच्या अदलाबदलीत आहे. मी राहते भिलाईच्या कॅम्प-१मध्ये. पोलाद कारखान्यासाठी आलेल्या कामगारांच्या वसाहतीतून वाढलेली ही वस्ती. कानावर तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी पडत असते आणि घरात मराठी. शिंप्यांकडे कातरणाला तोटा नाही. कृती सोपी आहे: चार बाय सहा इंचांचा तुकडा, वर कापड, मध्ये कडकपणासाठी बकरम, खाली पत्ता लिहिण्यापुरते साधे सुती, आणि कडेने मशीनची झिगझॅग टीप. तुम्ही एक पाठवायचे, समोरचीने एक पाठवायचे.

अडचण वाचनाची आहे. कार्ड पोहोचले की उत्तर येते, 'किती छान!' रुखवतातल्या वस्तूंना हेच म्हणतात, आणि मग त्या वस्तू कपाटात जातात. मेल आर्टच्या चळवळीने या सौजन्याला तत्त्वाचे रूप दिले: निवड समिती नाही, शुल्क नाही, आलेले सगळे मांडायचे. १९७०मध्ये व्हिटनी संग्रहालयात जॉन्सनने प्रदर्शन भरवले, तेव्हा पत्रमित्रांनी पाठवलेले मांडले गेले. कलादालनांच्या दारावरचे पहारेकरी हटवायला हे ठीकच होते. पण निवड न करणे म्हणजे न वाचणे नव्हे. बायकांच्या हातकामाला तर नुसते कौतुक फार आधीपासून मिळते आहे. त्या कामाकडे कोणी बारकाईने पाहत नाही, हे त्या कौतुकाआड सहज लपते.

म्हणून दोन कार्डे वाचून पाहते. पहिल्यात खणाच्या तुकड्यातून मोर कापला आहे, पिसाऱ्यावर टिकल्या, कडेला जरीचा काठ. टाके एकसारखे, बोट ठेवायला जागा नाही. पण हाच मोर उशीच्या अभ्र्यावर किंवा तोरणावर असता तर काय बिघडले असते? काहीच नाही. ते कार्ड कोणालाही पाठवता येते, म्हणजे खरे तर ते कोणालाच लिहिलेले नाही.

दुसरे कार्ड जुन्या खाकी शर्टाचे आहे. पाठवणारीचे वडील कारखान्यात होते. तिने खिसा उसवून काढला आणि त्याखालचा भाग कापून घेतला. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि धुण्याने शर्ट विटला, खिशाखालची जागा मात्र मूळ रंगाची राहिली. कार्डाच्या मधोमध तो गडद चौकोन आहे आणि त्याच्या तीन बाजूंना सुईच्या भोकांची रांग. वरची बाजू मोकळी, जिथून हात आत जात असे. भरतकाम काहीही नाही. मला ते वाचायला वेळ लागला, आधी वाटले डाग आहे. इथे कापड सजवलेले नाही, त्याला बोलू दिले आहे. फाडलेल्या कोपऱ्याशी त्याचे नाते आहे, कारण दोन्हीकडे काढून घेतलेल्या भागानेच निरोप दिला आहे. तिने एक टाकाही जास्त घातला असता, समजा चौकोनात 'बाबा' असे विणले असते, तर कार्ड पडले असते.

अनुवादक म्हणून माझे लक्ष उलट बाजूकडे जास्त जाते. सर्व्हान्तेसच्या कादंबरीच्या १६१५च्या दुसऱ्या भागात डॉन किहोते अनुवादाची तुलना फ्लँडर्सच्या विणलेल्या पडद्यांच्या उलट बाजूशी करतो: आकृती दिसतात, पण दोऱ्यांच्या गुंत्याने अंधूक होतात. टोमणा म्हणून ठीक आहे. भरतकाम करणारी बाई मात्र कामाचा दर्जा उलट बाजू पाहूनच ठरवते. कापडी पोस्टकार्डाची रचना नेमकी तीच बाजू झाकते. गाठी, सुटलेली टोके, रंग बदलताना मारलेली उडी, सगळे बकरमाखाली. मला हे पटत नाही. आपली गोधडी असे काही लपवत नाही. धावदोरा वरून दिसतो तसा खालूनही दिसतो. बंगालच्या कांथाचेही तेच. मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी केलेली, अक्षरे विणलेली कांथा कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहे. मुलीने बापाला सुईने लिहिलेले, असेच मी ती वाचते. तिला पाठीमागे अस्तर लावले असते तर ती भिंतीवरची तसबीर झाली असती.

दुसरे झाकण पाकिटाचे. कार्ड मळेल, टिकली निखळेल, म्हणून हल्ली बहुतेकजणी ते पाकिटात घालून पाठवतात. भीती खोटी नाही. मला एक कार्ड मण्यांऐवजी नुसत्या दोऱ्यांसह मिळाले आहे. पण पोस्टकार्ड म्हणजे उघडे पत्र, वाटेतल्या कोणालाही दिसणारे. नंदलाल बोस साध्या पोस्टकार्डांवर चित्रे काढून सुहृदांना पाठवत. टपालाचा शिक्का त्याच कार्डावर पडायचा. ओन कावाराने १९६८ ते १९७९ या काळात रोज दोन पोस्टकार्डे पाठवली, त्या दिवशी आपण किती वाजता उठलो एवढेच त्यांवर छापून. टपालखात्याचा तारखेचा शिक्का वगळला तर त्या कामाचे अर्धे बळ जाते. कापडावर शिक्क्याची शाई पसरते, ताण्याबाण्यातून बाहेर पाझरते. माझ्याकडच्या उघड्या आलेल्या चार कार्डांवर तो डाग आहे, आणि त्यातल्या दोन कार्डांवर बघण्यासारखे तेवढेच आहे.

खाकी कार्डही उघडेच आले. पत्ता मागच्या सुतीवर काळ्या दोऱ्याने विणलेला. इथल्या पाट्यांवर वस्तीचे नाव हिंदीच्या वळणाने 'कैंप' असे असते. तिने मराठीप्रमाणे 'कॅम्प' लिहिले. चंद्रकोर सुईने वळवणे कठीण, तिथे टाके जरा ओढले गेले आहेत आणि कापडाला बारीक चुणी पडली आहे. त्या चंद्रकोरीशेजारी कोणीतरी, बहुधा वाटेतल्या टपालखात्याच्या माणसाने, निळ्या बॉलपेनने 'कैंप' असे पुन्हा लिहिले आहे.