आवाजाचा सातबारा

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये बारा वर्षंही पूर्ण न झालेला एक मुलगा गायला बसला. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यानं जशाच्या तशा गळ्यात उतरवल्या होत्या. तान तीच, हरकत तीच. श्रोते थक्क झाले. शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व. या पोरावर दावा ठोकावा, असं त्या गवयांच्या किंवा तबकड्यांच्या कंपनीच्या मनातही आलं नसेल. नक्कल ही तालमीची पहिली पायरी असते, एवढं सगळ्यांना कळत होतं. पुढे बी. आर. देवधरांनी त्याला शिकवलं, आणि तो गळा कुणाचीच नक्कल करेनासा झाला.

२०२५ साली 'सैयारा' हे नवं गाणं किशोरकुमारांच्या आवाजात समाजमाध्यमांवर फिरलं. किशोरकुमार जाऊन तेव्हा जवळजवळ अडतीस वर्षं झाली होती. ही नक्कल यंत्राची, आणि तिला पुढची पायरी नाही. ती तिथेच थांबून दुकान मांडते. या दुकानाचं भाडं कुणी कुणाला द्यायचं, या प्रश्नावर आपला कायदा चाचपडतो आहे. मला विचाराल तर त्याचं कारण यंत्रात कमी आणि कायद्याच्या जुन्या सवयीत जास्त आहे. गाणं ही वस्तू त्याला समजते, गाणारा समजत नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीताची मूळ व्याख्या लिहिलेल्या, छापलेल्या स्वरांपुरती होती. ज्या देशात बंदिश तोंडातून कानात जाते, तिथे कागदावर नसलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतच नव्हती! १९७७ साली आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा निर्मात्यांशी असलेला वाद सर्वोच्च न्यायालयात आला. निकाल निर्मात्यांच्या बाजूनं लागला. पण गाण्यात जीव ओतणारा गायकच या कायद्याच्या बाहेर राहिला आहे, ही खंत न्या. कृष्णा अय्यर यांनी नोंदवून ठेवली. दोन्ही चुका सुधारायला १९९४ उजाडलं. म्हणजे ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळात गायकाच्या हाती कायदा नव्हता, फक्त घासाघीस होती. रॉयल्टीच्या मुद्द्यावरून लता मंगेशकर आणि रफी यांच्यात बेबनाव झाला, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. तो भांडणाचा मुद्दा आज गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो, याचंच मला नवल वाटतं. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. शेतीत निदान कूळकायदा आला.

'गीतरामायणा'चं उदाहरण घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही छप्पन्न गीतं. गीतकार गदिमा १९७७ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, २००२ साली गेले, म्हणून चालीवरचा २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं ते प्रसिद्ध झाल्यापासून वेगळी मोजायची. एकाच गाण्यावर इतकी घड्याळं टांगलेली, पण बाबूजींच्या त्या शब्दोच्चाराला, त्या नितळ फेकीला घड्याळच नाही. आज गायकाच्या सादरीकरणाला पन्नास वर्षांचं संरक्षण मिळतं, तेही त्या एका सादरीकरणाची प्रत काढण्यापासून. गळ्याची प्रत काढण्याविषयी कायदा गप्प आहे.

ही फट पहिल्यांदा यंत्रानं शोधली असं मात्र नाही. गाणं बाजारात येऊन दोन वर्षं झाली की ठरावीक पैसे भरून ते दुसऱ्याकडून गाऊन घेता येत असे. कॅसेटच्या जमान्यात टी-सीरिजनं या तरतुदीवर केवढा डोलारा उभा केला! रफींची गाणी सोनू निगमच्या, किशोरकुमारांची कुमार सानूच्या आवाजात घरोघरी पोचली. २०१२च्या दुरुस्तीनं ही मुदत पाच वर्षं झाली. कॅसेटनंतर मोबाइलच्या दुकानात वीस-पंचवीस रुपयांत मेमरी कार्डात शेकडो गाणी 'भरून' मिळू लागली. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. एका घरगुती मैफलीची चोरून घेतलेली टेप मी किती जणांना कॉपी करून दिली, याचा हिशेब माझ्याकडे नाही. तेव्हा ती रसिकता वाटत होती.

पण कॅसेटवाल्याला आणि मेमरी कार्डवाल्याला उद्याचं नवं गाणं हवंच असे, म्हणून गायक जगणं त्यांच्याही सोयीचं होतं. यंत्राला तशी निकड नाही. त्याला मागचा साठा पुरतो. अमेरिकेत २०२४ साली मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी यंत्राकडून गाणी घडवणाऱ्या सुनो आणि उडिओ या कंपन्यांवर खटले भरले, तेव्हा इंटरनेटवर मिळणारं बऱ्या दर्जाचं जवळजवळ सगळं संगीत आपण यंत्राला शिकवायला वापरलं, असं सुनोनं न्यायालयात मान्यच केलं. यूट्यूबवरून गाणी उपसल्याचा आरोप पुढे त्यात जोडला गेला. ज्या पायरसीला आपण गल्लीतली भुरटी चोरी समजत होतो, ती या कारखान्याचा कच्चा माल पुरवण्याची रीत होऊन बसली. आणि चोरी पकडणारी जुनी साधनं इथे थिटी पडतात. गाण्याचा ठसा जुळवून प्रत ओळखणारी यंत्रणा तेच ध्वनिमुद्रण शोधते; कृत्रिम आवाजातलं गाणं नव्यानं घडवलेलं असतं, त्यामुळे ते बरेचदा तिच्या नजरेतून सुटतं.

मुंबई उच्च न्यायालयानं यात धाडस दाखवलं, हे मान्य करायला हवं. जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूनं, आणि पुढच्या वर्षी आशा भोसले यांच्या बाजूनं अंतरिम आदेश देताना न्यायालयानं म्हटलं की परवानगीशिवाय कुणाचा आवाज बनवून देणारं साधन पुरवणं हाच त्या व्यक्तीच्या हक्काचा भंग आहे. मात्र हा हक्क प्रसिद्धीच्या पायावर उभा आहे. तुमचा आवाज लोक ओळखत असतील तर तो तुमचा! कोरसमधली बाई, तमाशातला सोंगाड्या, पंचक्रोशीपुरता ठाऊक असलेला भजनी बुवा यांनी कोणता पुरावा आणायचा? दिल्ली उच्च न्यायालयानं तर २०२३ साली सुशांतसिंह राजपूत प्रकरणात असे हक्क माणसाबरोबर संपतात, असं म्हटलं. म्हणून ए. आर. रेहमान यांनी 'लाल सलाम' या चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवताना कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच रेहमान यांच्यावर 'वीरा राजा वीरा' या गाण्याच्या चालीवरून डागर घराण्यातून दावा झाला, हेही खरं. ती रचना नक्की कुणाची, यावर एक न्यायाधीश एक म्हणाले आणि सप्टेंबर २०२५मध्ये खंडपीठानं तो आदेश रद्द केला.

डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या समितीनं सुचवलेला तोडगा सरसकट परवान्याचा आहे: यंत्र शिकवायला कंपन्यांनी कायदेशीररीत्या मिळालेलं सगळं वापरावं, कलावंतांना एका संस्थेमार्फत रॉयल्टी मिळावी, नकार कुणालाच देता येऊ नये. पैसे मिळतील, ठीक. पण नकाराचं काय? अल्लादिया खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत कमालीच्या सावध असत. त्यांचं 'नाही' हाही त्यांच्या गायकीचाच भाग होता, आणि समितीच्या तोडग्यात त्या शब्दाला जागा नाही. तिकडे अमेरिकेत २०२५ सरता सरता युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीनं उडिओशी आणि वॉर्नरनं सुनोशी समेट केला. मालकांचं जमलं.

कसणाऱ्यांसाठी, म्हणजे गायकांसाठी, कायद्यात एक आडवाट आहे. गायकाच्या हक्काचं हस्तांतर लेखी लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय करारात येत नाही. स्टुडिओतून निघताना कोरसवाले जो कागद सही करून देतात, तो बहुधा एका ओळीचं व्हाउचर असतो: तारीख, रक्कम, सही. तेवढ्यानं गळा विकला जात नाही, असं म्हणायला इथे जागा आहे. मात्र २०१२च्याच दुरुस्तीत आणखी एक ओळ आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आणि श्रेयनामावलीत ज्याचं नाव देण्याचा प्रघात नाही, तो कामाच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्यापुरता अपवाद सोडला तर कलावंतच धरला जात नाही. कोरसची नावं आपल्या श्रेयनामावल्यांत किती वेळा वाचल्याचं आठवतं?