काँटेसाच्या पोटातली कमान

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका गाळ्यात उभी असलेली काळी काँटेसा बाहेरून पाहिली, तर तिला कोणी हात लावला असेल असे वाटत नाही. नंबर प्लेटवर एमएच 04, म्हणजे गाडी ठाण्याची. काचेतून आत डोकावले तरी पहिल्या नजरेला काही हाती लागत नाही. मग पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब दिसतो, आणि त्याच्या मागे, त्याच्याच कलाने वर चढत गेलेली एक गोल कड. ती या गाडीतल्या रोल बारची, म्हणजे गाडी उलटली तर टप डोक्यावर कोसळू न देणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, मुख्य कमान. खांबाची रुंदी जिथे संपते, तिथेच कमानीची जाडी संपते. बाहेरच्या माणसाला ती दिसू नये इतक्या नेमकेपणाने बसवलेली ही कमान पाहिली, तेव्हाच मला कळले की हे काम सावकाश वाचायचे आहे.

आपल्याकडे ‘मसल कार’ म्हटले की बोट काँटेसाकडेच जाते, आणि ते योग्य आहे. ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा सांगाडा, उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची बांधणी, पुढे आलेले अठराशे सीसीचे इसुझू इंजिन, आणि या सगळ्यावर लांब बॉनेटचा तो रुंद, बसका थाट. मुंबई-कल्याण पट्ट्याला गाड्यांचे कसबही नवे नाही. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात एके काळी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यातून पीजो 309 बाहेर पडत. असे कारखाने बंद पडतात, पण पत्रा आणि पाइप हाताळणारे हात आसपासच्या गाळ्यांत टिकून राहतात.

या कामातली पहिली दाद द्यायची ती कारागिराने जे केले नाही त्याला. गाडीत पूर्ण केज, म्हणजे पुढच्या काचेपर्यंत गेलेला नळ्यांचा पिंजरा, नाही. कमान, मागे गेलेले दोन टेके, एक कर्ण आणि खांद्यामागचा एक आडवा दांडा, एवढाच अर्धा केज आहे. मालकाला रविवारी सकाळी घोडबंदर रोडने गाडी काढायची असते आणि कधीतरी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळवायची असते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या एनएचआरए संस्थेचा ठोकताळा इथे उपयोगी पडतो. पाव मैल 11.49 सेकंद ते 10 सेकंद या टप्प्यात कापणाऱ्या गाडीला रोल बार हवा. त्याहून वेगवान गाडीला पूर्ण केज. ही काँटेसा त्या आकड्यांच्या आसपासही फिरकत नाही. तरीही पूर्ण केजचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, कारण तो रुबाबदार दिसतो. मात्र पूर्ण केजच्या नळ्या समोरच्या काचेच्या कडेने, ड्रायव्हरच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून जातात. डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस असेल तर त्या जीव वाचवतात. उघड्या डोक्याने, साध्या बेल्टवर रस्त्यावर निघालात तर किरकोळ धडकेतही डोके आपटायला तीच नळी समोर असते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत डोक्यापुढे पोलाद नसावे, ते डोक्यामागे असावे. 1968 च्या शेल्बी मस्टँगमध्ये कारखान्यातूनच गादी लावलेला रोल बार येई आणि खांद्याचे पट्टे त्यालाच जोडलेले असत. त्यामागची जाण हीच होती. डोंबिवलीच्या गाळ्यात ती जाण आपसूक उतरलेली पाहून समाधान वाटते.

सगळे काम बोल्टने बसवलेले आहे, तेही विचारपूर्वक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणीतल्या गाडीच्या बांधणीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. अर्धा केज आला की मागची सीट निकामी होते, म्हणून तो धावपट्टीवर जाण्यापुरता चढतो आणि एरवी उतरतो. मागच्या सीटचे सगळे मूळ बोल्ट एका डब्यात ओळीने लावून ठेवलेले आहेत. घाईच्या माणसाच्या गाळ्यात असा डबा सापडत नाही.

आता पाइप. बाजारात स्वस्त मिळतो तो ईआरडब्ल्यू पाइप, म्हणजे पट्टी गोल वळवून लांबीभर शिवलेला. त्याच्या आत बोट फिरवले की शिवण लागते. इथला पाइप सीमलेस आहे, थंड ओढीचा. कापलेल्या तोंडातून आत बोट घातले तर कुठे कड लागत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार शर्यतींच्या एफआयए संस्थेच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये मुख्य कमानीसाठी दोन पर्याय आहेत: 45 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.5 जाडीचा, किंवा 50 व्यासाचा आणि 2 जाडीचा. इथे थोडे थांबून हिशेब करावा. दुसरा पाइप मीटरमागे जवळपास एक दशांशाने हलका, आणि व्यास मोठा असल्यामुळे वाकायला अधिक ताठ. कागदावर तोच जिंकतो. कारागिराने पहिला घेतला. जाड भिंतीचा पाइप वळवताना आतल्या बाजूला सुरकुतत नाही, आणि 5 मिलिमीटर कमी व्यासामुळेच कमान खांबाआड लपली. कागदावर सरस ठरलेला पाइप बाजूला ठेवून गाडीला साजेसा पाइप उचलणे, हा निर्णय मला फार आवडला.

वळणांवरून हात फिरवून पाहा. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी असावी, म्हणजे मध्यरेषेवर 135 मिलिमीटर, असा नियम आहे. आणि वळवताना पाइप चपटा झालाच, तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ दशांशाखाली जाता कामा नये. ग्रिलवाल्याच्या साध्या बेंडरवर काढलेल्या वळणाचा पोटाकडचा भाग हाताला पोचलेला लागतो. इथे तळहात सरळ भागावरून वळणावर आणि पुन्हा सरळ भागावर जातो तेव्हा पाइपचा आकार बदलल्याचे जाणवतच नाही. वळवताना आत मॅन्ड्रेल, म्हणजे पाइपला आतून आधार देणारा दांडा, होता हे त्या स्पर्शातूनच कळते. याहून बारीक गोष्ट वर टपाखाली आहे. काँटेसाचा टप मधोमध किंचित फुगीर आहे. कमानीचा माथाही सरळ आडवा नाही. दोन्ही कोपऱ्यांची वळणे काटकोनाला एखाददुसरा अंश कमी ठेवून, मध्ये एक जेमतेम कळेल असा बाक देऊन तो टपाच्या पोटाशी समांतर नेला आहे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फट सारखीच राहते. ही सारखी फट डोळ्यांना इतकी सुखावते की तिच्यामागे किती वेळा कमान आतबाहेर केली असेल, याचा विचार नंतर येतो.

आणि आता खाली या, पायाशी. रोल बारचा खरा कस इथे लागतो, आणि पाहणारे इथेच सर्वांत कमी पाहतात. काँटेसाला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची ताकद तिच्या पत्र्यातच आहे, आणि फरशीचा पत्रा एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा. गाडी उलटली तर सगळा भार कमानीच्या दोन पायांवर येतो. एफआयएच्या मान्यता चाचणीचा जुना संकेत असा, की गाडीच्या वजनात 150 किलो मिळवून त्याच्या साडेसात पट भार मुख्य कमानीने पेलावा. काँटेसाचे वजन सव्वा टनाच्या आसपास धरले तर हा भार दहा टनांवर जातो. पाइपच्या कापलेल्या तोंडाचे क्षेत्रफळ मात्र 3.3 चौरस सेंटिमीटर! एवढ्या टोकावर दहा टन आले तर तो पाइप फरशी फाडून रस्त्याला लागेल. म्हणून पायाखाली निदान 3 मिलिमीटर जाडीची, निदान 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट लागते, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. त्याने भार छत्तीस पट पसरतो.

कारागिराने एवढ्यावर समाधान मानले नाही. प्लेट फरशीवर सपाट टेकवण्याऐवजी त्याने ती काटकोनात वळवली आहे: अर्धी फरशीवर आणि अर्धी दाराखालच्या सिलच्या उभ्या अंगावर. सिल हा त्या गाडीतला सर्वांत ताठ अवयव आहे, पत्र्याची बंद पेटीच. भार आता फरशीला खाली ढकलून मोकळा होत नाही. तो सिलच्या पेटीत शिरून गाडीच्या पूर्ण लांबीभर वाटला जातो. प्लेटचे चारही कोपरे गोल घासलेले आहेत, कारण धारदार कोपऱ्यापासून पत्रा फाटायला सुरुवात होते. या एका वळवलेल्या प्लेटपाशी मी इतर सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ रेंगाळलो. तिच्यात बळ कसे वाहते याची पूर्ण समज आहे.

त्याआधी अर्थात पत्राकाम झाले. आपल्या पट्ट्यातला चार महिन्यांचा पाऊस जुन्या गाडीची फरशी कार्पेटखालून खात असतो. गंजलेल्या पत्र्यावर जाड प्लेट बसवणे म्हणजे कुजलेल्या लाकडात खिळा ठोकणे, म्हणून इथे सिलची खालची शिवण उघडून, नवा पत्रा भरून, आत मेणासारखा गंजरोधक मारून मगच प्लेटचे माप घेतले. फरशीच्या खालून दुसरी प्लेट आहे, आणि दोन्हींच्या मध्ये पत्रा घट्ट दाबला गेला आहे. प्रत्येक पायाला 8.8 प्रतीचे एम 8 बोल्ट तीन. बोल्टांच्या माथ्यावर 8.8 हा शिक्का वाचता येईल असा वर ठेवलेला आहे.

जोडांकडे पाहताना आधी वेल्डिंग पाहू नका, वेल्डिंगच्या आधीची खाच डोळ्यांपुढे आणा. एक नळी दुसऱ्या नळीच्या गोलाईला बिलगायची तर तिचे तोंड माशाच्या उघड्या जबड्यासारखे कापावे लागते. गाळ्यात त्याला फिशमाउथच म्हणतात. ही खाच ढिली असली तर वेल्डर फट धातूने भरून काढतो आणि जोड जाडजूड, ढेकळासारखा दिसतो. इथल्या जोडांवरची शिवण अरुंद आहे, तिच्या लाटा सारख्या अंतरावर आहेत, आणि ती नळीभोवती पूर्ण फेरा घेऊन सुरू झाली तिथेच येऊन मिळते. खालच्या, कोणाला न दिसणाऱ्या बाजूलाही. आर्गन वेल्डिंगने केलेले हे काम टेबलावर झाले, ही बोल्टच्या केजची मोठी सोय. गाडीतच वेल्ड केलेल्या केजमध्ये टपाला खेटलेल्या जोडाच्या वरच्या अंगाला टॉर्च पोचत नाही, आणि पुष्कळदा तो भाग तसाच सोडून दिला जातो. चांगले कारागीर त्यावर एक सुंदर युक्ती करतात: फरशीला भोके पाडून सगळा केज त्यांतून खाली उतरवतात, माथ्यावरचे जोड मोकळेपणी पूर्ण करतात, मग केज वर उचलून त्याच्या पायांखाली पेट्या बसवतात. अशा केजमध्ये टपाखाली आरसा धरला की शिवण वरूनही पूर्ण दिसते.

कर्णाची दिशा हा वाचकाच्या नजरेतून हमखास सुटणारा तपशील. कमान नुसती असेल तर ती चौकट आहे, आणि चौकट बाजूने रेटली की कलते. एक तिरकी नळी तिचे दोन त्रिकोण करते. पण ती कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात जावी? आपली गाडी उजव्या हाताची. कर्ण ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या वरच्या कोपऱ्यातून निघून क्लीनर साइडच्या पायाशी उतरतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा कोपरा जमिनीवर आदळला तर तो मार सरळ नळीच्या लांबीतून पलीकडच्या प्लेटला जातो. वरचे टोकही नेमके तिथेच येऊन मिळते जिथे मागचा टेका निघतो, म्हणजे तीन बळे एका बिंदूत भेटतात. बोटभर सरकले असते तरी पाइपला मधेच वाकवणारा ताण आला असता.

टेके सरळ आहेत, एकही वळण नाही. ओळंब्यापासून 30 अंशांपेक्षा अधिक कललेले, मागच्या चाकांच्या कमानींवर उतरलेले. त्यांच्याबद्दल जास्त बोलण्यासारखे नाही, आणि टेक्याच्या बाबतीत ही स्तुतीच आहे.

खांद्यामागचा आडवा दांडा मात्र पुन्हा बारकाईने पाहण्यासारखा. हार्नेसचे पट्टे खांद्यावरून मागे जाताना थोडे खाली उतरावेत, सुमारे 10 अंश. दांडा फार खाली असला तर धडकेत पट्टे खांदे खाली खेचतात आणि सगळा मार मणक्यावर येतो. हा दांडा आधी ठरवलेल्या मापाने बसवलेला नाही. मालकाला सीटवर बसवून, त्याच्या खांद्यापासून दोरी ताणून, कोन पाहून मग टॅक मारला. शिंपी माप घेतो तसे हे माप अंगावर घेतलेले आहे, आणि ही गाडी त्या एका माणसाची आहे हे या दांड्याच्या उंचीतून कळते.

डोके पोचू शकेल तिथे गादी आहे, आणि ती एसीच्या पाइपला गुंडाळतात तो मऊ काळा फोम नाही. तो बोटाने दाबला की तळाला जातो. डोक्यासाठी तो नसल्यासारखाच. इथे एफआयए 8857-2001 प्रतीची कडक गादी आहे, नखाने दाबली तर जेमतेम खूण उमटणारी. हाताला ती टणक वाटते, पण हेल्मेटसकट वेगाने आदळणाऱ्या डोक्याला तीच हळूहळू दबून थांबवते.

रंग फिका राखाडी, पातळ हाताचा. पावडर कोटिंग चकाकते, पण त्याच्या जाड थराखाली जोडाजवळची बारीक चीर लपून राहते. या रंगावर ती काळ्या केसासारखी उमटेल. आणि कमानीच्या सरळ भागात, बेल्टच्या रिळाआड, रबरी बूच लावलेले एक छोटे भोक आहे. ते वळणावर पाडलेले नाही, कारण वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाइपची भिंत ताणली जाऊन पातळ होते आणि माप चुकीचे येते. शर्यतीपूर्वीच्या तपासणीत पंचाला पाइपची खरी जाडी पाहता यावी म्हणून हे भोक ठेवतात. बूच काढून माप घेतले, 2.5 भरले.